इंग्रजी शिकत असतानाच अमेरिकेतील हायस्कूल डिप्लोमा: पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी माध्यमातून नववी-दहावीपर्यंत शिकलेली मुले वयाच्या पंधराव्या-सोळाव्या वर्षी आई-वडिलांबरोबर अमेरिकेत येतात, तेव्हा घरातले सगळे लक्ष एकाच गोष्टीवर असते, आणि ती म्हणजे इंग्रजी. मामाने किंवा काकांनी कधीकाळी भरलेला ग्रीन कार्डाचा अर्ज कित्येक वर्षांनी फळाला येतो आणि मुलाच्या शिक्षणाच्या अगदी नाजूक टप्प्यावर देश बदलतो, असे अनेक कुटुंबांत घडते. अशा कुटुंबांना शाळेतल्या नोंदणीच्या वेळी मदत करताना जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा ऐकू आले, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. नियम राज्यागणिक बदलतात, म्हणून जेथे एखाद्या राज्याचे नाव घेतले आहे तेथे ती माहिती त्या राज्यापुरतीच समजावी.

प्रश्न: ‘हायस्कूल ग्रॅज्युएशन’ आणि ‘डिप्लोमा’ म्हणजे नेमके काय?

आपल्याकडे ग्रॅज्युएशन म्हटले की बी.ए., बी.कॉम. डोळ्यांसमोर येते आणि डिप्लोमा म्हटले की दहावीनंतरचे पॉलिटेक्निक. अमेरिकेत हे दोन्ही शब्द बारावी पूर्ण होण्याशी जोडलेले आहेत. नववी ते बारावी ही चार वर्षे म्हणजे हायस्कूल, आणि त्या चार वर्षांच्या अटी पूर्ण केल्यावर मिळणारे प्रमाणपत्र म्हणजे हायस्कूल डिप्लोमा. आपल्या बोर्डाप्रमाणे शेवटी एकच मोठी परीक्षा घेऊन निकाल लावण्याची पद्धत तेथे नाही. नववीच्या पहिल्या दिवसापासून प्रत्येक विषयाचे क्रेडिट, म्हणजे तो विषय उत्तीर्ण झाल्याबद्दल मिळणारे एकक, साठत जाते, ते ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे चारही वर्षांच्या एकत्रित गुणपत्रकावर, नोंदवले जाते आणि शेवटी त्याची बेरीज होते. ‘शेवटच्या वर्षी जोर लावू’ ही आपल्याकडे चालून जाणारी सवय येथे फार महागात पडते, कारण नववीत बुडालेला विषय बारावीतही रिकाम्या खान्यासारखा दिसत राहतो.

प्रश्न: या अटी कोण ठरवते आणि त्या किती असतात?

किमान अटी राज्य ठरवते आणि त्यांत स्थानिक शाळा-जिल्हा, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणारी यंत्रणा, आपली भर घालू शकतो. मराठी वस्ती मोठी असलेल्या न्यू जर्सीचे उदाहरण घेऊ. तेथे किमान १२० क्रेडिट लागतात. वर्षभर चालणाऱ्या एका विषयाला साधारण ५ क्रेडिट मिळतात. इंग्रजीचे २०, गणिताचे १५, विज्ञानाचे १५ आणि सामाजिक शास्त्रांचे १५ क्रेडिट अनिवार्य असून, त्याखेरीज कला, जागतिक भाषा आणि व्यवसाय-कौशल्ये यांचे प्रत्येकी ५, अर्थसाक्षरतेचे अडीच, तसेच प्रत्येक वर्षी आरोग्य व शारीरिक शिक्षण घ्यावे लागते. टेक्सासमध्ये मूळ आराखडा २२ क्रेडिटचा आहे आणि विशेष शाखा घेतल्यास तो २६ चा होतो. तेथे वर्षभराच्या विषयाला १ क्रेडिट मिळते, म्हणून आकडे लहान दिसतात. कॅलिफोर्नियात राज्याची किमान यादी तुलनेने छोटी आहे, त्यात तीन वर्षे इंग्रजी आणि दोन वर्षे गणित येते, पण बहुतेक जिल्हे त्याहून बरेच अधिक मागतात.

नोंदणीच्या पहिल्याच आठवड्यात काउन्सेलरकडून, म्हणजे विषय निवडायला मदत करणाऱ्या शाळेतील मार्गदर्शकाकडून, आपल्या जिल्ह्याची अटींची यादी छापील स्वरूपात मागून घ्यावी आणि ती घरी फ्रिजवर लावावी. मूल कुठे उभे आहे हे त्या एका कागदावरून कळते.

प्रश्न: नोंदणीच्या अर्जात ‘घरी कोणती भाषा बोलता’ असे विचारतात. ‘मराठी’ लिहिले तर मुलाला खालच्या वर्गात टाकतील का?

या भीतीपोटी ‘इंग्रजी’ असे लिहिणारे पालक मी पाहिले आहेत आणि त्याचा तोटा नेहमी मुलालाच झाला आहे. त्या अर्जाचा हेतू एवढाच असतो की ज्यांच्या घरी दुसरी भाषा आहे अशा मुलांची इंग्रजीची चाचणी घ्यावी. चाचणीत मदतीची गरज दिसली, तर मुलाला ‘इंग्रजी शिकणारा विद्यार्थी’ असा दर्जा मिळतो. न्यू जर्सीत अलीकडे अशा मुलांना ‘बहुभाषिक विद्यार्थी’ म्हणतात, टेक्सासमध्ये ‘उदयोन्मुख द्विभाषिक’. नाव काहीही असले तरी इंग्रजीचा खास वर्ग, परीक्षेतील जादा वेळ, शब्दकोशाची मुभा आणि काही राज्यांतील खास तरतुदी या सगळ्या गोष्टी त्या दर्जाला जोडलेल्या असतात. दर्जाच नसेल तर त्यांतले काहीही मागता येत नाही.

शाळेने हा निर्णय पालकांना कळवणे संघीय कायद्याने बंधनकारक आहे. वर्ष सुरू होताना नोंदणी झाली असेल तर ३० दिवसांत आणि मध्येच झाली असेल तर दोन आठवड्यांत पत्र यायला हवे.

प्रश्न: मुलगा महाराष्ट्रात दहावी पास झाला आहे. त्याला कोणत्या इयत्तेत घेतील आणि आधीच्या शिक्षणाचे क्रेडिट मिळेल का?

मिळू शकते, पण ते आपोआप मिळत नाही, आणि सर्वांत अधिक नुकसान येथेच होते. बहुतेक पालक फक्त दहावीची गुणपत्रिका घेऊन येतात. अमेरिकेत हायस्कूल नववीपासून मोजले जाते, त्यामुळे नववीचे प्रगतिपुस्तकही तितकेच मोलाचे आहे. ते आणले नाही, तर पूर्ण एका वर्षाचे क्रेडिट हातचे जाऊ शकते. ते बहुधा मराठीत असते, म्हणून शाळेच्या शिक्क्यासह मूळ प्रत आणि तिचे प्रमाणित इंग्रजी भाषांतर सोबत ठेवावे. शाळा सोडल्याचा दाखला, अकरावीचे काही महिने झाले असतील तर त्याची नोंद आणि शक्य असल्यास विषयांच्या अनुक्रमणिकेची पाने हेही बरोबर असावे.

अनुक्रमणिका का, असे अनेकांना वाटते. आपल्याकडे गणित भाग १ आणि भाग २, म्हणजे बीजगणित आणि भूमिती, नववी आणि दहावी अशी दोन्ही वर्षे समांतर शिकवतात. अमेरिकेत पहिले बीजगणित, भूमिती आणि दुसरे बीजगणित असे तीन स्वतंत्र वर्षभराचे विषय असतात. नुसते ‘गणित’ असे लिहिलेली गुणपत्रिका पाहून काउन्सेलर एकच क्रेडिट देऊन मोकळा होण्याची शक्यता असते. वर्गसमीकरणे, समरूपता, त्रिकोणमिती, निर्देशक भूमिती ही प्रकरणे झाल्याचे दाखवले, तर दोन विषयांचे क्रेडिट मागायला आधार मिळतो. विज्ञानाचेही तसेच आहे. आपल्या ‘विज्ञान आणि तंत्रज्ञान’ या एका नावाखाली भौतिक, रसायन आणि जीव अशी तिन्ही शास्त्रे येतात.

दुसरा धोका टक्केवारीचा. महाराष्ट्राच्या राज्य मंडळात उत्तीर्ण होण्यासाठी ३५ गुण लागतात, ६० टक्क्यांना प्रथम श्रेणी आणि ७५ टक्क्यांना विशेष योग्यता मिळते. अमेरिकेतील बऱ्याच शाळांत ६० किंवा ६५ च्या खाली नापास धरतात. त्यामुळे आपल्याकडे द्वितीय श्रेणीत उत्तीर्ण झालेल्या मुलाचे ५८ गुण जसेच्या तसे उतरवले गेले, तर ट्रान्स्क्रिप्टवर तो नापास दिसतो. मंडळाची श्रेणीपद्धत कागदावर दाखवून रूपांतर मागावे आणि झालेला निर्णय लेखी घ्यावा. बाहेरच्या मूल्यमापन संस्थेला पैसे भरण्याची घाई करू नये, कारण पुष्कळ जिल्हे हे काम स्वतःच करतात.

इयत्तेचा निर्णय वय आणि क्रेडिट या दोन्हींवर ठरतो. सोळा वर्षांच्या मुलाला केवळ इंग्रजी कच्चे म्हणून नववीत बसवण्याचा प्रस्ताव आला, तर विचारावे, ‘याच्या आधीच्या विषयांचे क्रेडिट मोजून हा निर्णय घेतला आहे का?’ कधी कधी एक इयत्ता खाली बसणे खरोखर हिताचे ठरते, कारण त्यामुळे एक वर्ष अधिक मिळते. मात्र तो निर्णय हिशेब करून घेतलेला असावा.

प्रश्न: पहिले वर्षभर फक्त इंग्रजी शिकू दे आणि विषय नंतर घेऊ, हे योग्य नाही का?

नाही. या साऱ्या पानावर एकच उत्तर वाचायचे असेल, तर हे वाचावे. ‘आधी इंग्रजी, मग विषय’ हा विचार समंजस वाटतो आणि पालकांइतकेच काही शाळाही तो मांडतात. पण हायस्कूलच्या वयात त्याचा हिशेब जमत नाही. न्यू जर्सीचे १२० क्रेडिट चार वर्षांत विभागले तर वर्षाला ३० येतात. पहिल्या वर्षी मुलाने मोजले जाणारे १० क्रेडिटच मिळवले, तर उरलेल्या तीन वर्षांत ११० लागतात, म्हणजे वर्षाला जवळजवळ ३७. इंग्रजी अजून पक्के नसलेल्या मुलावर हे ओझे इतर सर्वांपेक्षा अधिक पडते. अकरावीत दाखल झालेल्या मुलापुढे तर दोनच वर्षे असतात.

भाषेच्या बाजूनेही हे पटत नाही. जिम कमिन्स या भाषा-अभ्यासकाने १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा असा भेद मांडला. मित्रांशी गप्पा मारता येईल इतके इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, मात्र पाठ्यपुस्तक वाचून निबंध लिहिता येईल असे इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात, असे त्या अभ्यासातून पुढे आले. पाच वर्षे थांबायला हायस्कूल पाच वर्षांचे नसते. अभ्यासाचे इंग्रजी अभ्यास करतानाच येते. ‘पेशी’, ‘गुणसूत्र’, ‘प्रकाशसंश्लेषण’ या संकल्पना मुलाच्या डोक्यात मराठीतून आधीच पक्क्या असतात, आणि जीवशास्त्राच्या वर्गात बसल्यावर त्यांना इंग्रजी नावे जोडली जातात. इंग्रजीच्या वेगळ्या वर्गात ती नावे कानावर पडतच नाहीत.

कायदाही याच बाजूचा आहे. १९७४ मध्ये ‘लाउ विरुद्ध निकोल्स’ या सॅन फ्रान्सिस्कोतील चिनी भाषक विद्यार्थ्यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की तेच शिक्षक, तीच पुस्तके आणि तोच अभ्यासक्रम दिला तरी इंग्रजी न समजणाऱ्या मुलाला समान शिक्षण मिळाले असे होत नाही. पुढे १९८१ च्या ‘कास्टान्येडा विरुद्ध पिकार्ड’ या निकालाने शाळेच्या कार्यक्रमाची कसोटी ठरवून दिली: तो मान्य शैक्षणिक विचारावर आधारलेला असावा, पुरेशी साधने देऊन राबवलेला असावा आणि काही काळाने त्याचे फळ दिसावे. कॅलिफोर्नियात तर इंग्रजी शिकत असल्याच्या कारणावरून मुलाला मूळ विषयांच्या वर्गापासून दूर ठेवता येत नाही, असा २०१८ चा कायदा आहे.

कोणते विषय आधी घ्यावेत, याचे माझे मत असे आहे. गणित पहिल्या दिवसापासून घ्यावे, कारण त्यातली चिन्हे ओळखीची असतात; शाब्दिक उदाहरणांत मात्र मदत लागेल, हे गृहीत धरावे. कला आणि शारीरिक शिक्षण यांना हलके समजू नये. ते क्रेडिट लागतेच, शिवाय त्या तासांना मूल चुकण्याच्या भीतीशिवाय इंग्रजी बोलू लागते. जीवशास्त्र आधाराच्या वर्गात, म्हणजे इंग्रजीची मदत देत विषय शिकवणाऱ्या वर्गात, घ्यावे. अमेरिकेचा इतिहास शक्य असल्यास दुसऱ्या वर्षी घ्यावा, कारण त्यात भाषा अवघड आणि पूर्वज्ञानही शून्य, असे दुहेरी ओझे असते.

प्रश्न: घरी आम्ही काय करू शकतो? आमचे इंग्रजी फार चांगले नाही.

बालभारतीची पुस्तके घ्यावीत. तीच विज्ञान आणि गणिताची पुस्तके मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही माध्यमांत निघतात आणि ई-बालभारतीच्या संकेतस्थळावर विनामूल्य उतरवून घेता येतात. एकाच धड्याची दोन्ही भाषांतली पाने शेजारी ठेवून वाचली, की मुलाला शब्दांची जोडी स्वतःच लावता येते. शाळेत ज्या दिवशी उत्परिवर्तन शिकवणार असतील, त्याच्या आदल्या रात्री तो भाग आधी मराठीतून आणि मग इंग्रजीतून वाचावा. दुसऱ्या दिवशी वर्गातील निम्मे बोलणे ओळखीचे वाटते. ज्या मुलांनी सेमी-इंग्रजीतून गणित आणि विज्ञान घेतले आहे, त्यांना हे काम आणखी सोपे जाते आणि त्यांनी ती गोष्ट शाळेत आवर्जून सांगावी.

घरात मराठीच बोलावी. मोडक्यातोडक्या इंग्रजीत बोलून मुलाचे इंग्रजी सुधारत नाही, आणि इतिहासाच्या धड्यावर आईशी मराठीत घातलेला वाद त्याच्या निबंधात उतरतो.

प्रश्न: इंग्रजी शिकण्याच्या खास वर्गाचे क्रेडिट डिप्लोमासाठी मोजले जाते का?

राज्याप्रमाणे आणि वर्गाच्या प्रकाराप्रमाणे उत्तर बदलते, म्हणून हा प्रश्न काउन्सेलरला शब्दशः विचारावा: ‘हे क्रेडिट इंग्रजी विषयाचे आहे की ऐच्छिक?’ टेक्सासमध्ये इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी असलेले इसॉल १ आणि इसॉल २ हे विषय इंग्रजी १ आणि इंग्रजी २ यांच्या जागी चालतात. न्यूयॉर्कमध्ये विषयाशी जोडलेल्या वर्गाला त्या विषयाचे क्रेडिट मिळते आणि स्वतंत्र भाषावर्गाचे क्रेडिट ऐच्छिक धरले जाते. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या प्रवेशासाठी चार वर्षांच्या इंग्रजीत अशा वर्गाचे फक्त एक वर्ष धरतात. एका ओळखीच्या कुटुंबात मुलीने दोन वर्षे भाषावर्गात उत्तम गुण मिळवले आणि बारावीत कळले की ते सारे क्रेडिट ऐच्छिक होते. उन्हाळी शाळेत आणि संध्याकाळी ऑनलाइन वर्ग करून तिने इंग्रजीची दोन वर्षे भरून काढली, पण त्या वर्षी तिला विश्रांती म्हणून मिळाली नाही.

प्रश्न: क्रेडिटशिवाय परीक्षाही द्यावी लागते का?

काही राज्यांत लागते आणि अशा राज्यांची संख्या कमी होत चालली आहे. कॅलिफोर्नियाने आपली परीक्षा २०१५ मध्ये थांबवली. मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ च्या मतदानाने ही अट काढून टाकली. न्यूयॉर्कमध्ये रीजेन्ट्स या राज्याच्या विषयवार परीक्षा उत्तीर्ण होण्यासाठी ६५ गुण लागतात. तेथे नववी किंवा त्यानंतर राज्यात आलेल्या आणि इंग्रजी शिकत असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या परीक्षेत ५५ ते ५९ गुण पडले, तर स्थानिक डिप्लोमासाठी, म्हणजे तेथील नेहमीच्या डिप्लोमापेक्षा सौम्य अटींच्या डिप्लोमासाठी, अपील करता येते. ही तरतूद पालकांना सहसा कोणी सांगत नाही.

न्यू जर्सीत अकरावीत इंग्रजी आणि गणित अशी राज्याची परीक्षा होते आणि दोन्हींत ७२५ गुण लागतात. ती न जमल्यास एसएटी या महाविद्यालय-प्रवेशाच्या परीक्षेसारख्या पर्यायी परीक्षेचे ठरावीक गुण चालतात, आणि तेही न जमल्यास विद्यार्थ्याच्या कामाचा संग्रह सादर करून अपील करता येते. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांसाठी हा तिसरा मार्ग फार उपयोगी आहे, पण संग्रह जमवायला वेळ लागतो. त्यामुळे अकरावीचा निकाल येताच त्याविषयी विचारावे, बारावीच्या वसंत ऋतूपर्यंत थांबू नये.

टेक्सासमध्ये पहिले बीजगणित, इंग्रजी १, इंग्रजी २, जीवशास्त्र आणि अमेरिकेचा इतिहास अशा पाच परीक्षा असतात. त्यांपैकी जास्तीत जास्त दोन राहिल्या, तर त्या विद्यार्थ्यासाठी नेमलेली पदवी-समिती त्याचे इतर काम पाहून डिप्लोमा देण्याचा निर्णय घेऊ शकते. इंग्रजी १ च्या परीक्षेबाबत नव्याने आलेल्या मुलांसाठी तेथे वेगळी तरतूद आहे. इंग्रजी शिकणाऱ्या मुलांविषयी निर्णय घेणाऱ्या शाळेच्या भाषा-प्रवीणता समितीच्या बैठकीत तिची चौकशी करावी.

प्रश्न: परीक्षेत कोणत्या सवलती मिळतात?

जादा वेळ, सूचना पुन्हा वाचून दाखवणे, वेगळी खोली आणि शब्दाला शब्द देणारा द्विभाषिक शब्दकोश या सर्वसाधारण सवलती आहेत. शब्दकोशात व्याख्या किंवा उदाहरणे असू नयेत, असा नियम असतो. म्हणून घरातला जाडजूड इंग्रजी-मराठी कोश चालेलच असे नाही. परीक्षेच्या कित्येक आठवडे आधी शब्दकोश शाळेला दाखवून मंजूर करून घ्यावा आणि मुलाने तो रोजच्या वर्गातही वापरावा. परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा उघडलेला कोश वेळ खातो.

न्यूयॉर्कमध्ये गणित, विज्ञान आणि इतिहासाच्या प्रश्नपत्रिका काही भाषांत छापील मिळतात. ज्या भाषेत छापील भाषांतर नसते, त्या भाषेच्या विद्यार्थ्याला भाषांतरकाराकडून प्रश्न तोंडी समजून घेता येतात. इंग्रजीच्या परीक्षेला ही मुभा नाही. मराठीसाठी माणूस शोधायला शाळेला वेळ लागतो, म्हणून ही मागणी सत्राच्या सुरुवातीलाच लेखी करावी.

प्रश्न: दर वर्षी होणारी इंग्रजीची चाचणी आणि डिप्लोमाची परीक्षा एकच का?

नाही. न्यू जर्सी, इलिनॉय, व्हर्जिनिया यांसह अनेक राज्यांत ‘ॲक्सेस’ नावाची, टेक्सासमध्ये ‘टेल्पास’ आणि कॅलिफोर्नियात ‘एल्पॅक’ ही चाचणी ऐकणे, बोलणे, वाचणे आणि लिहिणे या चार अंगांनी इंग्रजी किती आले आहे ते पाहते. ती नापास होण्याची परीक्षा नाही. तिच्यातील गुणांवरून खास वर्ग चालू ठेवायचा की दर्जा काढायचा हे ठरते. दर्जा निघाल्यावरही शाळेने किमान दोन वर्षे मुलाच्या प्रगतीवर लक्ष ठेवायचे असते, आणि या काळात मूल मागे पडू लागले तर पुन्हा मदत मागता येते.

प्रश्न: मुलाच्या मराठीचा डिप्लोमासाठी काही उपयोग होतो का?

होतो, आणि हा भाग पालकांना सांगताना मला नेहमी आनंद होतो, कारण तोवरच्या साऱ्या संभाषणात मराठी ही जणू अडचण म्हणूनच आलेली असते. न्यू जर्सीत जागतिक भाषेचे ५ क्रेडिट वर्गात बसून मिळवता येतात किंवा त्या भाषेतील प्रावीण्य दाखवून ती अट पूर्ण करता येते. दहावीपर्यंत प्रथम भाषा म्हणून मराठी शिकलेल्या मुलाने स्पॅनिशच्या पहिल्या वर्गात बसण्याऐवजी मराठीची प्रावीण्य चाचणी द्यावी आणि तो तास जीवशास्त्राला किंवा इंग्रजीला द्यावा. मराठीसाठीही अशा चाचण्या उपलब्ध आहेत, फक्त आपल्या जिल्ह्याला कोणती मान्य आहे ते आधी विचारावे.

त्यापुढची पायरी म्हणजे ‘सील ऑफ बायलिटरसी’, म्हणजे इंग्रजी आणि आणखी एका भाषेवर प्रभुत्व असल्याची डिप्लोमावरील मोहोर. कॅलिफोर्नियाने २०११ मध्ये तिचा कायदा सर्वप्रथम केला. तिच्यासाठी इंग्रजीतील प्रावीण्यही दाखवावे लागते, त्यामुळे नव्याने आलेल्या मुलाला ती बारावीपर्यंत मिळेलच असे नाही. पण ध्येय म्हणून ती समोर असावी. बृहन्महाराष्ट्र मंडळाशी जोडलेल्या मराठी शाळा अमेरिकेत अनेक गावी रविवारी भरतात. तेथील शिक्षकांना स्थानिक जिल्ह्याची कार्यपद्धती बहुधा ठाऊक असते. शिवाय नुकत्याच महाराष्ट्रातून आलेल्या मुलाला तेथे लहान मुलांना शिकवण्याचे काम मिळू शकते, आणि आठवडाभर वर्गात गप्प बसणाऱ्या मुलाला रविवारी शिक्षक होता येणे ही छोटी गोष्ट नाही.

प्रश्न: चार वर्षांत अटी पूर्ण झाल्या नाहीत तर काय? मुलाचे वय अठरा होत आहे.

अठरा वर्षे पूर्ण झाली म्हणून शाळेचे दार बंद होत नाही. किती वयापर्यंत विनामूल्य शिकता येते हे राज्य ठरवते. न्यूयॉर्क आणि टेक्सासमध्ये ही मर्यादा २१ आहे, आणि टेक्सासमधील शाळा डिप्लोमा पूर्ण करण्यासाठी २६ पर्यंतही प्रवेश देऊ शकतात. पाचवे वर्ष घेण्यात कमीपणा मानू नये. २०१९-२० मध्ये देशभरात चार वर्षांत डिप्लोमा मिळवणाऱ्यांचे प्रमाण ८७ टक्के होते, तर इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्यांत ते ७१ टक्के. ही तफावत मुलांच्या बुद्धीमुळे पडलेली नसून वेळेमुळे पडलेली आहे, असे मला वाटते. कॅलिफोर्नियात नवागतांच्या कार्यक्रमात असलेल्या आणि हायस्कूलच्या तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षात असलेल्या विद्यार्थ्याला जिल्ह्याच्या वाढीव अटींतून सूट मिळू शकते. तेव्हा फक्त राज्याच्या किमान अटी पूर्ण कराव्या लागतात. मात्र विद्यापीठाच्या प्रवेशासाठी लागणारे विषय त्या सवलतीत राहून जात नाहीत ना, हे तपासूनच ती घ्यावी.

सतरा-अठरा वर्षांच्या मुलाला ‘त्यापेक्षा जीईडी करा’ असा सल्ला कधी कधी दिला जातो. जीईडी ही डिप्लोमाला पर्याय असलेली परीक्षा आहे आणि काहींसाठी ती योग्यही ठरते. परंतु तिच्यासाठी शाळा सोडली, की इंग्रजीचा खास वर्ग, काउन्सेलर आणि समवयस्कांची सोबत हे सारे एकदम सुटते. वयाची मर्यादा शिल्लक असताना हा निर्णय घाईने घेऊ नये.

प्रश्न: आम्हाला खास वर्ग नको असेल तर नकार देता येतो का?

देता येतो. तरीही दर्जा कायम राहतो, वार्षिक चाचणी द्यावी लागते आणि नेहमीच्या वर्गात मदत देण्याची शाळेची जबाबदारी संपत नाही. नकार लेखी द्यावा. तो पुढे मागेही घेता येतो.

प्रश्न: बारावीत आर्थिक मदतीचा सरकारी अर्ज भरायला सांगितला आहे. आम्ही एच-४ व्हिसावर आहोत. तो भरला नाही तर डिप्लोमा अडेल का?

इलिनॉय आणि टेक्सास यांसारख्या काही राज्यांनी ‘फॅफ्सा’ हा अर्ज भरणे ही डिप्लोमाची अट केली आहे. एच-४, म्हणजे एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्यांच्या कुटुंबीयांच्या, व्हिसावरील विद्यार्थी संघीय मदतीस पात्र नसतात, म्हणून ज्या कुटुंबांना तो भरायचा नाही त्यांच्यासाठी नकाराचा एक सोपा फॉर्म असतो आणि पालकांच्या सहीने ही अट पूर्ण होते. तो फॉर्म काउन्सेलरकडून मागावा आणि भरलेल्या फॉर्मची प्रत जपून ठेवावी. ग्रीन कार्ड असलेल्या कुटुंबांनी मात्र तो अर्ज अवश्य भरावा.

प्रश्न: शाळेच्या बैठकीत आम्हाला नीट बोलता येत नाही. मुलालाच दुभाषा म्हणून नेले तर चालेल का?

कृपया नेऊ नये. स्वतःच्या गुणांविषयीची बैठक मुलानेच भाषांतरित करायची, यात त्याची कुचंबणा होते, आणि आई-वडिलांना वाईट वाटू नये म्हणून मुले अप्रिय वाक्ये गाळतात. पालकांना समजेल अशा भाषेत महत्त्वाची माहिती देणे ही शाळेची जबाबदारी आहे आणि त्यासाठी दुभाषा विनामूल्य मिळतो. मराठी दुभाषा दूरध्वनीवरूनही उपलब्ध होऊ शकतो. बैठकीच्या किमान आठवडाभर आधी ईमेलने तशी विनंती करावी. ‘हिंदी चालेल का?’ असे विचारले गेले आणि हिंदीत आपल्याला मोकळेपणाने बोलता येत नसेल, तर संकोच न करता मराठीच मागावी.

बैठकीला जाताना अटींची ती छापील यादी, ट्रान्स्क्रिप्टची ताजी प्रत आणि एक पेन बरोबर न्यावे. प्रत्येक विषयापुढे किती क्रेडिट झाले आणि किती उरले हे काउन्सेलरकडून तेथेच लिहून घ्यावे, त्या कागदावर तारीख आणि त्यांची सही मागावी, आणि पुढच्या सत्रात कोणता विषय कोणत्या तासाला घ्यायचा हे ठरल्याखेरीज खुर्चीवरून उठू नये.